वाद घालणारी लेक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले. वहीची चार पाने फाडून दोन्ही बाजूंनी लिहिलेले. तिची थोरली कन्या इंदूर शहरी मावशीकडे राहून महाविद्यालयात शिकत आहे. सुटीत ती घरी आली असता एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून बापलेकीचे बोलणे बंद पडले. पत्राच्या अखेरीस त्या माउलीने आम्हांस सरळच विचारले होते, "आमच्या मुलांना तिकडे विद्या शिकवितात की वाद घालावयास शिकवितात?" तिची अनुमती घेऊन, परंतु गाव आणि नावे गाळून, आम्ही ही हकीकत येथे सांगत आहोत, कारण असा प्रश्न मनात असलेली ती एकटीच माता नसावी.

प्रसंग असा. धाकट्या मुलास आखाती देशात नोकरीस पाठवावे, असे घरात चालले होते. नोकरी लावून देणारा दलाल नात्यातल्याच एका गृहस्थाच्या ओळखीचा. त्याने दोन लाख रुपये मागितले होते, आणि त्यासाठी घरामागची वाडी विकण्याची बोलणी सुरू झाली होती. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चार पाहुणे जमले, दलालही आला. चहा चालू असता मुलीने त्यास विचारले, "काका, तुमच्या परवान्याचा क्रमांक काय?" तो हसला. तेव्हा तिने सर्वांसमक्ष सांगितले की, १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्यास केंद्र सरकारचा परवाना लागतो, परवानाधारकांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या स्थळावर कोणालाही पाहावयास मिळते, आणि अशा दलालास ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. दलालाने कपबशी खाली ठेवली व तो निघून गेला. ज्यांच्या ओळखीने तो आला होता ते गृहस्थही त्याच्या मागोमाग उठले. वडील त्या वेळी काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "इंदूरला जाऊन बापाला चारचौघांत मान खाली घालायला लावायचं शिकलीस."

त्या मातेने पुढे लिहिले होते की, मुलीने विचारले ते खोटे नव्हते हे मला समजते. परंतु ती जिंकली आणि माझ्या घरातला माणूस हरला, हे मला सोसत नाही.

हे वाक्य आम्ही दोनदा वाचले. मुलगी बरोबर होती, असे उत्तर लिहून मोकळे होणे सोपे होते. मुलांनी वडीलधाऱ्यांपुढे जपून बोलावे, असा उपदेश करणे त्याहून सोपे होते. परंतु दोन्ही उत्तरांनी त्या घरातली अडचण सुटणार नव्हती. योगायोगाने भाद्रपदात आम्हांस घरगुती कामानिमित्त इंदूरला जावयाचे होते. तेव्हा तेथे जाऊन मुलांना नेमके काय शिकवितात ते डोळ्यांनी पाहावे, असे आम्ही ठरविले.

मुंबईहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदूरला पोहोचविते. स्टेशनाबाहेर पोहे-जिलेबीचा वास येतो आणि हिंदी कानावर पडते. मात्र राजवाड्याच्या बाजूस चार पावले गेलात की मराठीही ऐकू येऊ लागते. होळकरांच्या राज्यामुळे मराठी माणूस येथे पिढ्यान्पिढ्या वसला. मराठी साहित्य संमेलन येथे १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा भरले, यावरून या गावाचा आणि आपल्या भाषेचा संबंध ध्यानी यावा. विद्येच्या बाबतीतही हे शहर जुने आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ मध्ये येथे ख्रिश्चन कॉलेज काढले. १८९१ मध्ये होळकर कॉलेज निघाले. विद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झाले आणि पुढे त्यास देवी अहिल्येचे नाव मिळाले. आज आसपासच्या निमाड-माळव्यातील, झाबुआकडील आणि आपल्याकडीलही खेड्यांतली मुले येथे खोल्या घेऊन राहतात.

पत्रातील मुलगी आम्हांस भेटली. आईने आम्हांस लिहिले आहे हे तिला ठाऊक होते, म्हणून प्रथम ती जरा अवघडून होती. मग म्हणाली, "काका, उद्या आमच्या सरांचा तास आहे. तुम्ही बसा. तुम्हीच बघा, आम्हाला भांडायला शिकवतात का ते."

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराचा उल्लेख ठिकठिकाणी आहे आणि मध्यप्रदेशाने २०२१ पासून ते धोरण महाविद्यालयांत लागू केले. परंतु कागदावर 'चिकित्सक विचार' असे लिहिल्याने तो वर्गात येत नाही. आपल्याकडे विद्यार्थी बालपणापासून उत्तर उतरवून घेतो, गाइडातून पाठ करतो व परीक्षेत ओकून टाकतो. प्रश्न विचारणारा मुलगा शिक्षकास अडचणीचा वाटतो, आणि खरे सांगावयाचे तर पालकांसही वाटतो. अशा मुलांना वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एकदम 'आता स्वतः विचार करा' म्हटले तर ती गोंधळतात किंवा फुशारतात.

तास घेणारे प्राध्यापक साठीकडे झुकलेले, जन्माने इंदूरचेच, मराठी बोलता बोलता सहज हिंदीत शिरणारे. वर्गात चाळीसएक मुले. त्यांनी फळ्यावर विषय लिहिला : कमी पटाच्या खेड्यातील शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत घालावे काय? मग चिठ्ठ्या काढल्या. कोणी कोणत्या बाजूने बोलावे हे चिठ्ठी ठरविणार, मत नव्हे. आमच्या मुलीस विरोधाची बाजू आली. शाळा बंद करण्याच्या बाजूने बोलावयाचे आले ते निमाडातील एका कास्तकाराच्या मुलास, जो स्वतःच अशा लहान शाळेत शिकला होता.

मुलगा उठला व सावकाश बोलला. त्याच्या शाळेत अकरा मुले व दोन गुरुजी. एक गुरुजी बहुधा निवडणुकीच्या नाहीतर गणतीच्या कामावर. पाच वर्षे तो वर्गात पहिला आला, कारण त्याच्या इयत्तेत तो आणि त्याची चुलत बहीण अशी दोघेच होती. पुढे मोठ्या गावच्या शाळेत गेल्यावर त्यास कळले की, आपणांस भागाकारही धड येत नाही. "पाच वर्षं मला कोणी सांगितलंच नाही," असे म्हणून तो खाली बसला.

आमची मुलगी तयारीची. तिने शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचा आधार दिला. त्याखालील नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावयास पाहिजे. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळावयास पाहिजेत. पावसाळ्यात ओढा भरला म्हणजे सहा वर्षांचे मूल पलीकडे जाईल कसे, आणि शाळा दूर गेली म्हणजे घरी प्रथम कोणास बसवितात, मुलास की मुलीस, असे तिने विचारले. वर्गाने टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या असत्या, परंतु प्राध्यापकांनी हात वर केला.

"तुझं झालं. आता याचं म्हणणं तू तुझ्या शब्दांत सांग. तो 'हो, हेच' म्हणाला, की मग त्याला उत्तर दे."

मुलगी म्हणाली, "त्याचं म्हणणं असं, की लहान शाळांवर सरकारचा पैसा वाया जातो."

मुलाने मान हलविली. "पैशाचं मी नावसुद्धा काढलं नाही."

"बरं, त्याला वाटतं की खेड्यातले शिक्षक शिकवत नाहीत."

"तसंही नाही. आमचे गुरुजी चांगले होते."

वर्गात हशा पिकला. मुलीचा चेहरा उतरला. ती जरा थांबली, आणि मग तिने विचारले, "तुझ्या बरोबरीचं कोणी नव्हतं, म्हणून तुला तुझी उणीव कळलीच नाही. तुझ्या मुलांचं तसं होऊ नये असं तुला वाटतं. असंच ना?"

"हो. हेच."

त्यानंतर ती जे बोलली ते पहिल्या भाषणाहून निराळे होते. लहान शाळा मोडू नये हे तिचे म्हणणे तसेच राहिले. परंतु आठवड्यातून एक दिवस आसपासच्या चार शाळांतील मुले एकत्र बसवावीत, त्यांच्या चाचण्या एकत्र घ्याव्यात, अशी तोड तिने काढली. पहिल्या भाषणात ही गोष्ट नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. कारण ज्या आक्षेपास ती उत्तर देत होती तो आक्षेप कोणी घेतलाच नव्हता. तास संपताना प्रत्येकास चिठ्ठीवर एक वाक्य लिहून द्यावयाचे होते : समोरच्या बाजूचा कोणता मुद्दा मला हलवून गेला. कोण जिंकले हे प्राध्यापकांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

पुढे चहा घेताना आम्ही त्यांस म्हणालो, की ही युक्ती आपण कोणत्या विलायती पुस्तकातून घेतली? ते हसून म्हणाले, "विलायतेला कशाला जायचं? आपल्या न्यायशास्त्रात आहे." प्राचीन नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. दोघेही सत्य शोधण्यासाठी प्रमाणे आणि तर्क यांच्या आधारे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठीच बोलतात व त्यासाठी शब्दच्छलही करतात तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे मोडीत काढावयाचे, ती वितंडा. आपल्या घरोघर ज्यास आपण 'वितंडवाद' म्हणतो तो शब्द तेथला आहे. छलाचे त्यांचे उदाहरण तर लहान मुलासही हसविणारे आहे. एकजण म्हणतो, या मुलाचे कांबळे नव आहे, म्हणजे नवे आहे. दुसरा त्यास धरतो : नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! शास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, म्हणजे समोरच्याचे म्हणणे पूर्ण बळानिशी सांगावे लागते. उत्तरपक्ष त्यानंतर येतो.

तेव्हा आम्हीही आमच्या घरची गोष्ट त्यांस सांगितली. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात शिकविण्याची मुख्य रीत हीच होती. गुरू प्रश्न मांडी, शिष्य आक्षेप घेत, आणि गुरूस त्या प्रत्येक आक्षेपाचे उत्तर द्यावे लागे. संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा थिओलॉजिए' हा ग्रंथ ज्याने उघडून पाहिला असेल त्यास ठाऊक आहे की, प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी संत थॉमस स्वतःच्या मताविरुद्धचे आक्षेप मांडतात. देव आहे काय, या प्रश्नासही त्यांनी हा नियम चुकविलेला नाही. पुढे १५८७ मध्ये पोप सिक्स्तुस पाचवे यांनी संतपदाच्या चौकशीत उमेदवाराविरुद्ध बोलणारा एक अधिकारीच नेमला, ज्यास लोक 'सैतानाचा वकील' म्हणू लागले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या पदाचे स्वरूप पालटले. तरीही मदर तेरेसा यांच्या चौकशीच्या वेळी त्यांचे कडवे टीकाकार ख्रिस्तोफर हिचन्स यांचे म्हणणे चर्चच्या अधिकाऱ्यांनी बोलावून ऐकले. प्राध्यापकांस हे ठाऊक नव्हते. "मग तुमच्या लोकांना मुलीचे प्रश्न का झोंबतात?" असे त्यांनी विचारले. आम्हांस त्याचे चटकन उत्तर देता आले नाही.

उलट आम्ही त्यांस दलालाची हकीकत सांगितली, अर्थात मुलीचे नाव न घेता. त्यांनी ती शांतपणे ऐकली. म्हणाले, "त्या मुलीला आम्ही अर्धंच शिकवलं. प्रमाण शोधायला शिकवलं. बापाचा पूर्वपक्ष मांडायला नाही शिकवलं."

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत वादविवादाची स्पर्धा असते. एकाच महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी येतात. एक पक्षात बोलतो, दुसरा विरोधात. म्हणजे कल्पना मूळची उत्तम. परंतु आम्ही अशा ज्या काही स्पर्धा पाहिल्या आहेत त्यांत शेर ऐकविणे, टेबलावर मूठ आपटणे आणि पाठ केलेले भाषण वेळेच्या घंटेआधी संपविणे, यांसच टाळ्या पडतात. तो जल्प होय. बक्षीस आवाजास मिळते. आणि मतमोजणीने तरी काय ठरते? १९३३ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, राजा व देश यांसाठी आम्ही कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही, असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. सहा वर्षांत महायुद्ध आले आणि त्याच पिढीचे तरुण गणवेष चढवून गेले.

भाषेची अडचणही दुर्लक्षिण्याजोगी नाही. आमची मुलगी घरी मराठी बोलते, रस्त्यावर हिंदी, आणि तिची पुस्तके इंग्रजी. त्या तासाला प्राध्यापकांनी हवी ती भाषा वापरण्याची मुभा दिली होती, म्हणून निमाडच्या मुलास आपली गोष्ट सांगता आली. इंग्रजीतच बोला असे म्हटले असते तर तो तीन वाक्ये चाचरत बोलून बसला असता, आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा तर्क दुबळा ठरविला असता. शब्द न सुचणे आणि विचार नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलाखती घेणारे थोर लोकही यांची गल्लत करतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही महूला गेलो. इंदूरपासून तासाभराच्या आतला रस्ता. या गावाचे नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे. कोकणातील आंबडव्याच्या घराण्यातले सुभेदार रामजी येथे लष्करात नोकरीस होते, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी येथेच भीमरावांचा जन्म झाला. तेथे आता स्मारक उभे आहे. विद्यार्थ्यांना विचार करावयास कसे शिकवावे, याचा शोध घेणाऱ्यास या गावी यावेच लागते, असे आमचे मत झाले आहे. त्याचे कारण सांगतो.

भीमराव १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांस जॉन ड्यूई हे गुरू लाभले. ड्यूई यांनी १९१० मध्ये 'आपण विचार कसा करतो' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले होते, आणि शाळा-महाविद्यालयांत चिकित्सक विचार शिकविण्याची आजची सारी खटपट बव्हंशी त्या पुस्तकापासून सुरू होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्रथम काहीतरी अडते, मग नेमके काय अडले ते ठरवावयाचे, मग कारणाचा अंदाज बांधावयाचा, तो अंदाज खरा असेल तर आणखी काय काय दिसावयास हवे हे ताडावयाचे, आणि शेवटी पाहून, करून तो ठेवावयाचा किंवा टाकावयाचा. आपल्या गोठ्यातली म्हैस एकाएकी आटली, तर एकजण म्हणतो दृष्ट लागली, दुसरा म्हणतो पेंड बदलली. पेंड बदलली असेल तर त्याच दुकानाची पेंड घेणाऱ्या शेजाऱ्याचीही म्हैस आटली असली पाहिजे. उठून शेजाऱ्याच्या गोठ्यात डोकावणे, हा ड्यूईंचा शेवटचा टप्पा. दृष्टीवाला मात्र जागचा हलत नाही, कारण त्याच्या अंदाजाने पाहण्यासारखे काही उरतच नाही.

या गुरूचे ऋण बाबासाहेबांनी आपल्या 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात स्पष्टपणे मान्य केले आहे. त्या भाषणाची कथा सर्वांस माहीत नसते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांस अध्यक्ष म्हणून बोलाविले. लिखित भाषण वाचून मंडळ बिचकले आणि सभाच रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन' पत्रात त्यावर टीका केली. आणि १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली व तिच्यापुढे आपले उत्तर दिले. उत्तर सौम्य नाही, चांगले धारदार आहे. परंतु वाचकाने माझ्यावर विसंबून राहू नये, समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचावे, एवढी व्यवस्था त्यांनी केली.

घटना समितीतही तेच. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. त्या समितीत आपले येशूसंघीय फादर जेरोम डिसोझाही सभासद होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या अखेरच्या भाषणात बाबासाहेबांनी, ज्या सभासदांनी त्यांस पदोपदी अडविले त्यांची नावे घेऊन आभार मानले. हे लोक नसते तर घटनेमागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधीच मला मिळाली नसती, असा त्यांचा आशय होता. त्याच भाषणात, राजकारणात कोणा थोर पुरुषाच्या पायी आपले स्वातंत्र्य वाहू नका, असाही इशारा त्यांनी दिला. हे सांगणारा पुरुष स्वतः केवढा थोर होता, आणि त्याचे अनुयायी त्यास किती मानीत, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या इशाऱ्याचे वजन कळते.

संध्याकाळी मुलगी मावशीच्या गच्चीवर आम्हांस भेटली. तिच्या आईचे ते वाक्य, आईची परवानगी आधीच घेतली होती म्हणून, आम्ही तिला वाचून दाखविले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काका, पण तो माणूस लबाड होता." आम्ही म्हणालो, तो लबाड असेलही, आम्ही त्याच्याविषयी विचारीत नाही. तुझ्या वडिलांचे म्हणणे काय होते, ते त्यांनी ऐकले तर 'हो, हेच' म्हणतील असे सांग पाहू.

पहिल्यांदा ती म्हणाली, "पप्पांना वाटतं, आखातात गेलं की पैसा मिळतो." दुसऱ्यांदा म्हणाली, "पप्पा लोकांवर लगेच विश्वास ठेवतात." दोन्ही वेळा तिची तीच थांबली; निमाडच्या मुलाची हललेली मान तिला आठवली असावी. मग हळूहळू एकेक गोष्ट निघू लागली. वाडीतल्या विहिरीचे पाणी गेली सात-आठ वर्षे मचूळ झाले आहे, आणि ज्या वाडीने वडिलांना वाढविले ती आता खर्चही भागवीत नाही. वडील स्वतः तरुणपणी परदेशी जाणार होते; आजोबांच्या आजारपणामुळे राहिले. ज्या नातलगाने दलाल आणला त्यानेच मुलीच्या इंदूरच्या पहिल्या वर्षाची फी भरावयास पैसे दिले होते, आणि ते वडिलांनी तिला कधी सांगितले नव्हते. तिला ते मावशीकडून कळले होते. म्हणजे त्या रविवारी चहाच्या वेळी वडिलांपुढे केवळ एक दलाल बसलेला नव्हता.

"हे मी त्यांना लिहू?" तिने विचारले. आम्ही म्हणालो, परवान्याचा मुद्दा गाळू नकोस, तो खरा आहे आणि तुझ्या भावाच्या आयुष्याचा आहे. आधी मात्र हे लिही.

परवा तिच्या आईचे दुसरे पत्र आले. या वेळी एकच पान. लेकीचे पत्र वडिलांनी दोन वेळा वाचले आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी धाकट्यास म्हणाले, तो परवाना कुठे पाहतात ते मोबाइलवर काढ. दलालाचे नाव यादीत मिळाले नाही. वाडीची बोलणी तूर्त थांबली आहेत. नातलग अजून घरी येत नाहीत, त्यांच्याकडे जावे की न जावे यावर नवराबायकोचे एकमत नाही. मुलाने परदेशी जावेच, हे वडिलांचे मत कायम आहे. लेकीने त्यांची म्हणून जी तीन कारणे पत्रात लिहिली त्यांपैकी दुसरे साफ चुकले आहे, आजोबांच्या आजारपणामुळे आपण राहिलो नव्हतो, असे ते म्हणतात, आणि खरे काय झाले ते नाताळात ती आली म्हणजे तिला समोर बसवून सांगणार आहेत.